कानसेनच्या चिठ्ठ्या

माझ्या भावाला बाजारात सगळे कानसेन म्हणत. काही जण कौतुकानं, काही जण टोमणा म्हणून, आणि शेजारचा किल्लीवाला केवळ हाक मारायला सोपं पडतं म्हणून. दादाला तिन्ही चालायचं. खरं सांगायचं तर त्याला ते नाव फार आवडायचं, आणि आवडत नाही असं दाखवणं त्याला अजिबात जमायचं नाही.

त्याचं दुकान म्हणजे एक लांबलचक, अरुंद खोली. एका बाजूला किल्लीवाला, दुसऱ्या बाजूला ड्रायक्लीनर. दोन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण आणि मधून एक माणूस जाईल एवढीच वाट. समोरून दुसरा आला तर दोघांपैकी एकानं पोट आत घ्यायचं. मागच्या टोकाला टेबल, टेबलावर रेकॉर्ड प्लेअर आणि कपाटाएवढे दोन स्पीकर. विकायला जुन्या रेकॉर्डी, कॅसेटी आणि थोड्या सीड्या, त्याही फक्त रॉक आणि मेटलच्या. कुणी चुकून एखादं गोड गाणं मागितलं तर दादा असा चेहरा करायचा की मागणारा माफी मागून बाहेर पडायचा. मी म्हणायचे, अरे, धंदा करतोस की परीक्षा घेतोस? तो म्हणायचा, "दोन्ही."

मी त्याची धाकटी बहीण. एकतीस वर्षं टपाल खात्यात पत्रं लावली, म्हणजे आलेला ढीग गावांप्रमाणे खणांत टाकला. वहिनी गेली तेव्हा तिची मुलगी चार वर्षांची होती. मी माझं बिऱ्हाड उचललं आणि दादाकडे राहायला आले. नोकरी संपल्यावर दुकानाच्या गल्ल्यावर बसायला लागले. गाणं मला कधी कळलं नाही, पण खण कळतात. वीस वर्षं घरी-दुकानी कानाशी हा सगळा दणदणाट चालू असल्यावर दगडालाही त्यातलं थोडं समजेल, आणि मी दगड नव्हते.

दादाची पद्धत ठरलेली होती. नवी रेकॉर्ड आली की तो तिचं वेष्टन बघायचा नाही. मी ती काढून हातात द्यायचे, तो सुई टेकवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. एक मिनिट, कधी अर्धंच. मग चिठ्ठी. हार्ड रॉकला हिरवी, हेवी मेटलला तपकिरी, थ्रॅशला पिवळी, डूमला निळी, डेथला लाल आणि ब्लॅकला पांढरी, कारण ब्लॅकची वेष्टनं इतकी काळी असतात की त्यांच्यावर दुसरं काही उठूनच दिसत नाही. चिठ्ठी चिकटवायचा अधिकार फक्त त्याचा. लोक लांबून लांबून यायचे ते त्या चिठ्ठ्यांच्या भरवशावर. कानसेननं लाल म्हटलं की लाल.

नवीन गिऱ्हाईक आलं की एक प्रश्न हमखास विचारायचं. "काका, हे सगळं एकच नाही का? नुसता आरडाओरडा?"

"बस," दादा म्हणायचा. मी चहा मागवायचे, कारण आता तासाभराची निश्चिंती.

"रॉक ऐकताना कंबर हलते," तो सुरू करायचा. "ताल जरासा रेंगाळतो, त्यात नाच असतो. हार्ड रॉकमध्ये आवाज वाढला, गिटार खरखरीत झाली, गाणारा ओरडायला लागला, पण नाच गेला नाही. नाच गेला की हेवी मेटल. तिथे कंबर थांबते आणि मान हलायला लागते. गिटार आणि ड्रम एका पावलावर चालतात."

"आणि थ्रॅश?"

"मेटलला घाई झाली आणि राग आला की थ्रॅश. तळवा तारांवर दाबून धरायचा आणि वरून खाली, वरून खाली. तारा वाजत नाहीत, चावतात. डूममध्ये उलटं. एक ठोका पडल्यावर दुसरा पडेपर्यंत तुझा हा चहा पिऊन व्हावा."

मग तो आवाज खाली आणायचा, कारण आता अवघड भाग यायचा. "लोक फसतात ते डेथ आणि ब्लॅकमध्ये. दोन्हीत वेग, दोन्हीत घसा फाडलेला. पण डेथ खालून येतं. तारा ढिल्या करून सूर उतरवलेला, आवाज पोटातून. ब्लॅक वरून येतं. गिटार पातळ, धारदार, एकच सूर थरथरत धरलेला, गाणारा किंचाळणारा, आणि या सगळ्यावर सिंबलचा, म्हणजे त्या पितळी थाळ्यांचा, सतत सळसळाट. तो सळसळाट काढून घेतलास तर ब्लॅक मेलं. आणि वेष्टनावरच्या कवट्या बघून ठरवू नकोस. कवट्या सगळ्यांकडेच असतात."

गिऱ्हाईक उठताना काहीतरी विकत घेऊनच उठायचं. भीतीनंच म्हणा ना.

या सगळ्यात आमची पोर वाढली. दादा तिला बबडी म्हणायचा, म्हणून सगळ्यांचीच ती बबडी. शाळेतून आली की टेबलाखाली बसून गृहपाठ करायची आणि दोन पेन्सिलींनी खोक्यांवर बडवत राहायची. चौदाव्या वर्षी कुणीतरी वापरून टाकलेला ड्रमचा संच दादानं आणला आणि दुकानामागच्या अडगळीच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या लावून, मांडून दिला. ड्रायक्लीनर महिनाभर आमच्याशी बोलला नाही. वाजवायला ती स्वतःच शिकली. ऐकायला मात्र बापानं शिकवलं. वाजवून झालं की ती घाम पुसत बाहेर यायची आणि त्याच्या तोंडाकडे बघायची. तो म्हणायचा, "डावा हात उशिरा येतोय." ती परत आत. माझ्या जिवाची तगमग व्हायची. लेकराला एकदा छान म्हण की रे, मी सांगायचे. तो म्हणायचा, "छान नसताना छान म्हटलं तर माझ्या म्हणण्याला काय किंमत राहिली?" ती एकोणीस वर्षांची असताना एकदा तो म्हणाला, "हं, आता बरोबर." बबडीनं तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवला होता, लाल पेननं.

पुढे ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. सकाळी नोकरी आणि दुपारनंतर चौघांचा बँड, एका सुताराच्या कारखान्यामागच्या खोलीत. ब्लॅक मेटल. घरी यायची तेव्हा केसांत लाकडाचा भुसा असायचा.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते.

एका दुपारी एक रेकॉर्ड दुसऱ्यांदा विकायला आली. मला ती चांगली आठवत होती, कारण याच दुकानातून ती पांढऱ्या चिठ्ठीनं गेली होती. मधल्या कुणीतरी चिठ्ठी खरवडून काढली होती. दादानं सुई टेकवली, डोळे मिटले, आणि लाल चिठ्ठी लावली. मला वाटलं दमला असेल. तीन दिवसांनी आणखी एक. मग एक थ्रॅशची रेकॉर्ड तपकिरी चिठ्ठीनं हेवी मेटलमध्ये जाऊन बसली. मी गाण्यातली नाही, पण ती गिटार चावत होती हे मलाही ऐकू येत होतं.

मग बाकीचं एकेक लक्षात यायला लागलं. दाराची छोटी घंटी बिघडली आहे म्हणून त्यानं काढून टाकली आणि अशी जाडजूड घंटा आणली की ड्रायक्लीनर दचकायचा. ती घंटी मी घरी नेऊन वाजवून बघितली. व्यवस्थित किणकिणत होती. घरी किटलीची शिटी वाजत राहायची आणि दादा तिच्या शेजारी पेपर वाचत बसायचा. प्लेअरवरचं, बारीक उंच आवाज वाढवायचं बटण त्यानं शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं. गिऱ्हाईकं कानांत बोटं घालायची आणि तो म्हणायचा, या स्पीकरांत आता दम राहिला नाही.

टपाल खात्यात पत्रं लावणाऱ्यांचा एक अलिखित नियम असतो. शेजारच्यानं टाकलेलं पत्र चुकीच्या खणात दिसलं तर बोंबाबोंब करायची नाही. उचलायचं, बरोबर खणात टाकायचं, आणि आपल्या कामाला लागायचं. साहेबाला कळू द्यायचं नाही आणि ज्याची चूक त्यालाही नाही. आज तो चुकला, उद्या आपण चुकू. एकतीस वर्षं मी हा नियम पाळला आणि त्या नियमानं माझीही लाज कितीतरी वेळा राखली.

तोच नियम मी दुकानात आणला. दादा दुपारी जेवायला घरी गेला की मी सकाळी लावलेल्या रेकॉर्डी काढायचे, एकेक मिनिट लावून बघायचे, चुकलेली चिठ्ठी नखानं सोलायचे आणि बरोबर रंगाची लावायचे. मला कुणी विचारलं असतं की हे का करतेस, तर मी म्हणाले असते, दादाची अब्रू राखतेय. ते खोटं नव्हतं. पण एवढंच खरंही नव्हतं. त्याला समोर बसवून "दादा, तुला ऐकू येत नाही" म्हणायची माझी छाती नव्हती. ज्याला सगळा बाजार कानसेन म्हणतो त्याला हे कसं सांगायचं? आज नको, उद्या सांगू, असं करत आठ महिने गेले. कुणाला काही कळलं नाही. दादाला तर नाहीच.

आणि मग बबडी तिचं रेकॉर्डिंग घेऊन आली.

सहा दिवस खपून त्यांनी आठ गाणी ध्वनिमुद्रित केली होती. बाहेरच्या एका कंपनीनं ती काढायची तयारी दाखवली होती आणि त्याआधी एका मोठ्या बँडबरोबर तीन आठवडे दौऱ्यावर यायला सांगितलं होतं. जायचं तर बबडीला नोकरी सोडावी लागणार होती. बाकीचे तिघं हो म्हणून मोकळे झाले होते. बबडीनं दोन दिवस मागून घेतले. कशासाठी, ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

"बाबा, तुम्ही पूर्ण ऐका," ती म्हणाली. "मिनिटभर नाही. सगळं. आणि खरं सांगा."

"मी दुसरं काय सांगतो?" दादा म्हणाला.

दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाईकं होती, तीही उभी राहिली. दादानं सीडी लावली. एक्केचाळीस मिनिटं तो जागचा हलला नाही. डोळे मिटलेले, एक हात टेबलावर. बबडी खणाला टेकून त्याच्याकडे बघत होती. मी गल्ल्यावर होते. पहिल्या गाण्यातच माझ्या अंगावर काटा आला. त्या पोरीचे सिंबल एकसारखे, न थांबता, न दमता, वरून कोसळत होते, आणि त्यांच्याखाली बाकी सगळं वाहत होतं. मला गाणं कळत नाही असं मी आयुष्यभर म्हणत आले, पण त्या दिवशी कळलं. मला वाटलं, उठावं आणि पोरीची दृष्ट काढावी.

सीडी थांबली. दादानं डोळे उघडले. 

"बबडी," तो म्हणाला, "हे ब्लॅक नाही."

ती खणापासून सरळ झाली.

"सिंबल कुठे आहेत? हात फिरतोय असं वाटतं, पण ऐकू काहीच येत नाही. गादीवर काठी मारावी तसं सगळं बोथट. डेथ म्हणावं तर तेवढं वजनही नाही. बाकीचे तिघं चांगले आहेत. तू त्यांना मागे ओढतेस." तो थांबला. त्याला बोलताना त्रास होत होता, मला दिसत होतं. "तू खरं सांग म्हणालीस म्हणून सांगतोय गं. यासाठी नोकरी सोडू नकोस. हौस म्हणून वाजव."

दोन गिऱ्हाईकांपैकी एकानं तोंड उघडलं आणि मिटलं. कानसेनपुढे कोण बोलणार? आणि मी? मी गल्ल्याचं झाकण उघडलं आणि बंद केलं. परक्या माणसांसमोर नको, मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी घरी सांगू.

संध्याकाळी बबडी तिच्या पलंगावर पाय जवळ घेऊन बसली होती. मी दारात उभी राहिले. "बबडे, ऐक," मी म्हणाले. तिनं वर बघितलं आणि हसली. "जाऊ दे आत्या. बाबा खोटं बोलत नाहीत. मला वाटलं होतं सिंबल छान आलेत. आपलंच आपल्याला गोड वाटतं ना." बाहेरच्या खोलीत दादा बसला होता. मी आता बोलले तर त्याचे कान गेले, दुकान गेलं, नाव गेलं, आणि आठ महिने मी त्याला फसवलं तेही उघडं पडलं. मी म्हणाले, "जेवून घे." उद्या नक्की, असं ठरवून मी झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बबडीनं बँडमधल्या पोरांना नाही म्हणून सांगून टाकलं होतं. पोरं घरी आली, भांडली, एक तर रडला. ती हटली नाही. बापाचा शब्द तिच्यासाठी शेवटचा होता. तीन आठवड्यांत त्यांनी दुसरा ड्रमर घेतला, आणि कंपनीच्या सांगण्यावरून ड्रमचा सगळा भाग त्याच्याकडून नव्यानं वाजवून घेतला. मग आता सांगून काय उपयोग, असं म्हणायला मी मोकळी झाले. भाऊ आणि भाची यांत मी भाऊ वाचवला. असं सरळ शब्दांत तेव्हा मी स्वतःशी म्हटलं नव्हतं. आता म्हणते.

बबडीनं ड्रम विकून टाकले. दुसऱ्या गावातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जागा निघाली, तिकडे गेली. दर रविवारी फोन करायची. गाण्याबद्दल चकार शब्द नाही. मागची खोली रिकामी झाली तेव्हा ड्रायक्लीनर म्हणाला, "करमत नाही हो." मी दार लावून घेतलं.

आणि एवढं होऊनही मी चिठ्ठ्या बदलत राहिले. आणखी एक वर्ष.

त्या वर्षाच्या शेवटी आमचं एक जुनं गिऱ्हाईक, गणिताचे मास्तर, नवीकोरी रेकॉर्ड घेऊन आले. बबडीच्या बँडची. म्हणजे आता तिची नसलेली. मास्तरांना आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. "यातल्या ड्रमरचे सिंबल ऐका," ते खुशीत म्हणाले. दादानं सुई टेकवली. मिनिट गेलं, दोन गेली.

"कुठे आहेत?" त्यानं विचारलं.

मास्तर हसले. त्यांना वाटलं थट्टा चालली आहे. "अहो, सिंबलशिवाय दुसरं काय आहे यात!"

दादानं सुई उचलली. सगळ्यात वरच्या खणातून एक रेकॉर्ड काढली. सोळाव्या वर्षी घेतलेली, त्याच्या आयुष्यातली पहिली, विकायची नसलेली. साधं हार्ड रॉक. "मास्तर, हे गाणं नुसत्या सिंबलनं सुरू होतं. आठ ठोके, मग गिटार. तुम्ही ठोके ऐका." त्यानं ती लावली आणि बोटं मोजायला लागला. आठव्या बोटाला गिटार आली.

"वाजले?"

"वाजले की. स्पष्ट."

"मी फक्त मोजले," दादा म्हणाला. "पाठ आहेत म्हणून मोजले. ऐकले नाहीत."

मास्तर गेल्यावर त्यानं मला दुकान बंद करायला सांगितलं. भर दुपार होती.

कान तपासायची जागा म्हणजे काचेची एक लहानशी खोली होती. दादा आत बसला, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर तपासणारी मुलगी यंत्राची चकती फिरवत होती. सुरुवातीला त्याचा अंगठा पटापट दाबत होता. मग थांबला. ती मुलगी चकती फिरवत राहिली, फिरवत राहिली, आणि दादा आत अंगठा बटणावर टेकवून, मान जराशी वाकडी करून, अगदी मन लावून वाट बघत होता. मला काचेतून बघवेना.

तिनं कागद दिला. त्यावरची रेघ थोडी सरळ जाऊन एकदम खाली गेली होती. "तीन हजार हर्ट्झच्या पुढे, म्हणजे बारीक, उंच आवाजांतलं, जवळजवळ काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. "हे एका दिवसात होत नाही. सहा-सात वर्षं हळूहळू जात असणार. ऐकायच्या यंत्रानं बोलणं बरंचसं कळेल. संगीताचं काही सांगता येत नाही. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का?"

मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

जिन्यात दादा कठड्याला धरून थांबला. स्वतःच्या कानांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. "बबडी," एवढंच म्हणाला.

रविवारी आम्ही बसनं तिच्या गावी गेलो. तीन तास. दादा खिडकीशी बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. काय बोलायचं त्याची तयारी चालली होती. मधेच म्हणाला, "मी तिला नापास केलं गं." मी म्हटलं, "होईल सगळं नीट." मला स्वतःचीच शिसारी आली.

रंगाच्या दुकानावरची, दुसऱ्या मजल्यावरची खोली. एक पलंग, टेबल, दोन खुर्च्या, खुंटीला पांढरा कोट. भिंतीवर काही नाही. बबडी वाळली होती. तिनं खुर्च्या आम्हाला दिल्या आणि स्वतः पलंगावर बसली. दादानं बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरून तो कागदच तिच्यापुढे धरला.

ती दिवसभर लोकांचे रिपोर्ट वाचते. तिला समजावून सांगावं लागलं नाही. रेघ जिथून खाली पडते तिथे तिनं बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही.

"तू सिंबल वाजवले होतेस," दादा म्हणाला. "मलाच ऐकू आले नाहीत. बहिऱ्यानं तुला नापास केलं, बबडी. रागाव ना. काहीतरी बोल."

ती उठून त्याच्याजवळ आली, त्याला नीट कळावं म्हणून सावकाश, मोठ्यानं बोलली. "मला तर ऐकू येत होतं ना, बाबा. मी वाजवले होते, मी ऐकले होते. तरी मी तुमचंच खरं मानलं. तुम्हाला जे ऐकू आलं ते तुम्ही सांगितलंत. त्यात तुमची काय चूक?"

दादा रडायला लागला. खिशात रुमाल सापडेना, तेव्हा तिनं टॉवेल दिला आणि त्याच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली. दोन मिनिटांत माफ केलं तिनं बापाला. मला वाटलं, संपलं. आता चहा होईल, आणि आम्ही संध्याकाळच्या बसनं परत जाऊ.

तोंड पुसून दादा म्हणाला, "एकच कळत नाही. एवढी वर्षं ऐकू येत नव्हतं तर खण कसे चुकले नाहीत? एक जरी रेकॉर्ड चुकीच्या खणात गेली असती तरी मास्तर धावत आले असते. कुणीतरी म्हणालंच असतं. तेव्हाच माझे डोळे उघडले असते, आणि बबडीचं हे झालं नसतं."

मी गप्प बसू शकले असते. त्यात मी चांगली तरबेज झाले होते. पण तिचा हात अजून त्याच्या पाठीवर होता आणि समोरची भिंत तशी रिकामी होती.

"चुकत होत्या," मी मोठ्यानं म्हणाले. "मी हलवत होते. तू जेवायला गेलास की चिठ्ठ्या बदलत होते."

बबडीनं विचारलं, "कधीपासून?"

"तुझ्या रेकॉर्डिंगच्या आधी आठ महिन्यांपासून."

"त्या दिवशी तू गल्ल्यावर होतीस."

"हो."

"तुला ऐकू आले होते? माझे सिंबल?"

"सगळे. पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत. बबडे, तुझं ब्लॅकच होतं गं. इतकं सुंदर मी त्या दुकानात दुसरं काही ऐकलं नाही."

तिनं बापाच्या पाठीवरचा हात काढला. पलंगावर जाऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली, इतक्या हळू की मलाही पुढे वाकावं लागलं.

दादाला तिचे ओठ हललेले दिसले. त्यानं कानामागे हात धरला आणि माझ्याकडे वळला. "काय म्हणाली? मला नाही कळलं. काय म्हणाली ती?"

बबडीनं मान फिरवली. सांगायला मीच उरले होते. मी खुर्ची सरकवली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि त्याला कळेल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "'मग मला एकदा तरी सांगायचं होतंस, आत्या,' असं म्हणाली."